सुंदराक्काच्या गिरणीची पुढची भिंत

“अवो, पुढची भिंत कशाला पाडायची?”

गवरा पहार घेऊन उभी होती. मी रस्त्यात उभा राहून नकाशा दोन्ही हातांनी ताणून धरला होता. सकाळचे आठ वाजले असतील. सुंदराक्काची पिठाची गिरणी बंद होती, आणि दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका कुलूप बघून माघारी जात होत्या.

“कागदावर पिवळी हाय,” मी म्हणालो.

“आक्का तर म्हणाली, मागचं सैपाकघर आणि न्हाणी. पुढचं तिनं नावसुदिक काढलं न्हाई.”

“मागची पण पिवळीच हाय. ती पण पाडायची, ही पण.”

“पण कशापायी?”

“शटर बसवणार असंल.”

“आक्का? अन् शटर?” गवरा हसली. “दाराची कडी दोन वर्षं सुतळीनं बांधतीया ती.”

मलाही ते कोडंच होतं. चांगली उभी भिंत, ओळंब्यात, कुठं पोट काढलेलं नाही. पण कागदावर होतं ते होतं. गवरा माझी बायको, माझ्याबरोबर पंधरा वर्षं कामावर होती. तिनं पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पहार भिंतीत घातली.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, गवरालाही नाही. पण नकाशा मला वाचता यायचा. आमच्या गावात नकाशे काढणारे घोंगडे म्हणून होते. त्यांनी मला एकदा शिकवून ठेवलं होतं, “सिद्राम, काळं ते राहू दे, लाल ते बांध, पिवळं ते पाड.” एवढ्यावर मी धंदा केला. बाकीचे गवंडी मालकाच्या तोंडाकडं बघून काम करायचे, मी कागदाकडं बघून करायचो. गावात मला नकाशेवाला मिस्त्री म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तोरा होता.

सुंदराक्का वायचळ ही एकटी बाई. नवरा वारलेला, गिरणी स्वतः चालवायची. मागचं स्वयंपाकघर कधी अंगावर येईल याचा नेम नव्हता, म्हणून तिनं नगरपालिकेकडून दुरुस्तीचा परवाना काढला होता. लेकीच्या बाळंतपणाला लातूरला जायचं होतं, गिरणी बंदच राहणार होती, तेवढ्यात काम उरकावं असा तिचा बेत. निघायच्या दिवशी तिनं कामाची पूजा केली, नारळ फोडला, पाटावरचा नकाशा आणि किल्ली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “माझं घर तुझ्या हवाली हाय, सिद्राम.” मग एस.टी. गाठायला पळाली.

भिंत दगडमातीची, दोन फूट जाड. माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, भार आतल्या लाकडी खांबांवर असतो, भिंत नुसती घरानं अंगावर घेतल्यासारखी. त्यामुळं पाडायला भीती नव्हती. मी पहारीनं दगड सैल करत होतो आणि गवरा तोंडाचे घडीव दगड एकीकडं रचत होती, आतली भर दुसरीकडं. दुपारपर्यंत डाव्या कोपऱ्यापासून दारापर्यंतची दहा फूट भिंत खाली आली. बावीस फुटांतली दहा.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, “थांबा! हात थांबवा!”

नगरपालिकेचे ओव्हरसियर टोणपेसाहेब होते. काखेत फाईल, डोक्यावर रुमाल. ते पलीकडं रस्त्याची मापं घ्यायला आले होते.

“ही भिंत कुणी पाडायला सांगितली?”

“कागदानं,” मी म्हणालो.

“कुठला कागद?”

मी नकाशा पुढं केला. साहेबांनी तो बघितला, मग आपल्या फाईलमधून दुसरा काढला आणि दोन्ही शेजारीशेजारी ओट्यावर पसरले. तसाच निळसर कागद, तीच रेघ, तेच शिक्के. फक्त त्यांच्या कागदावर पुढची भिंत काळी होती आणि माझ्या कागदावर ती पिवळी होती.

“मंजूर नकाशात खाडाखोड केलीय कुणीतरी,” ते हळू आवाजात म्हणाले. “रंग कुणी भरला?”

“मला ठावं न्हाई, साहेब. आक्कानं दिला तसा हाय.”

“तुमच्या आक्काला कळलं असेल ना पुढं काय होतं ते? परवाना रद्द होतो.”

“आक्का तसली बाई न्हाई,” गवरा मध्येच म्हणाली.

“मग हा रंग आपोआप आला?”

त्यांनी रुमाल काढून घाम पुसला आणि मला रस्ता दाखवला. “हा रस्ता रुंद व्हायचा आहे. इथं नवं बांधायचं असेल तर सहा फूट मागं सरकून बांधावं लागतं. जुनं घर दुरुस्त करत असाल तर त्याला कुणी हात लावत नाही. तिला दुरुस्तीचा परवाना आहे तो एवढ्यासाठीच. पुढची भिंत उभी आहे तोवर घर जुनं. ती पाडलीत, घर नवं झालं.”

गिरणीची खोली आत अकरा फूट होती. अकरातून सहा गेले की काय राहतं एवढा हिशेब मला येत होता. मी दगडांच्या ढिगावरच बसलो.

साहेबही ओट्यावर टेकले. विचार करायला म्हणून त्यांनी खिशातली डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, अंगठ्यानं चुना लावला आणि मळत मळत नकाशाकडं बघत राहिले. मग तोच अंगठा माझ्या नकाशावर टेकवून म्हणाले, “हे बघ, इथली रेघ—”

अंगठा उचलला आणि ते बोलायचे थांबले.

पिवळ्या पट्ट्यावर अंगठ्याएवढा लाल डाग उठला होता.

“तुमच्या हाताला रक्त आलंया काय?” मी विचारलं.

त्यांनी अंगठा उलटासुलटा बघितला. रक्त नव्हतं. त्यांनी जरा बाजूला पुन्हा टेकवला. तिथंही लाल. आता आम्ही तिघं कागदावर वाकलो. पाडायचं म्हणून मी वाचलं होतं ते डोळ्यांदेखत बांधायचं होत चाललं होतं.

“हळद हाय ती,” गवरा म्हणाली.

“काय?”

“हळद. चुना लागला की हळद लाल होती. कुंकू कसं करत्यात मग?” ती माझ्याकडं वळली. “आक्कानं नकाशा पाटावर ठिवला व्हता न्हवं? नारळाला, पहारीला, तुमच्या थापीला, समद्याला हळदकुंकू लावलं. कागदाला लावल्याबिगर ऱ्हाईल व्हय ती?”

साहेबांनी मागच्या स्वयंपाकघराच्या पिवळ्यावर अंगठा घासला. ते पिवळंच राहिलं. ती घोंगड्यांची रंगाची पेन्सिल होती, बारीक तिरक्या रेघांची. पुढचा पट्टा मात्र सलग आणि कडेला फुटलेला. नकाशा घडी घालून पाटावर ठेवला होता आणि नेमकी घडी पुढच्या भिंतीच्या रेघेवर आली होती. ओली हळद घडीवर लावली ती घडीच्या रेघेनं पसरत गेली होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

साहेब कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडं बघत बसले. “अठरा वर्षं नोकरी झाली माझी,” ते म्हणाले. “बरं. खाडाखोड नाही, हे मी मानतो. पण भिंत तर पडलीच ना?”

“मी परत बांधतो.”

“बांधलीस की ती नवी. सहा फूट मागं.”

“आन् दगड तेच घातले तर?”

मी तसंच पुढं रेटलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. “साहेब, घर जुनं कशानं ऱ्हातं? दगडानं, का जागेनं, का मातीनं? माती तर आम्ही दर साली नवी लिंपतो.”

“दगड तोच, जागा तीच, उंची तीच,” ते सावकाश म्हणाले. “असं असेल तर मी दुरुस्ती लिहू शकतो. पण तेच दगड आहेत हे मला कसं कळणार? उद्या कुणीही नव्या दगडाला चुना फासेल आणि म्हणेल, जुनी आहे.”

मी ढिगाकडं बघितलं. गवरानं रचलेल्या दगडांच्या तोंडावर चुन्याचे कितीतरी हात बसलेले होते, आणि त्याखालून कुठंकुठं डांबराची काळी रेघ डोकावत होती.

“भिंतीवर पूर्वी काहीतरी लिवलेलं हाय,” मी म्हणालो. “अक्षरं जुळली की भिंत जुनी. मग तर झालं?”

“तुला वाचता येतं?”

“न्हाई.”

“मग?”

“तुमाला येतं की.”

टोणपेसाहेबांनी तंबाखू तोंडात टाकली. “पुढच्या सोमवारी मी या रस्त्याचा अहवाल देणार आहे. सोमवारी सकाळी येतो. वाचता आलं तर दुरुस्ती. नाही आलं तर नवं बांधकाम. त्यात मग माझ्याकडं काही मागायचं नाही.”

ते गेल्यावर गवरा म्हणाली, “तुमी लई शाणे. काय लिवलंया ते तरी इचारायचं कुणाला.”

विचारलं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. प्रत्येकाला काहीतरी लिहिलेलं होतं एवढं आठवत होतं, काय ते कुणालाच आठवत नव्हतं. आक्काच्या सासऱ्याच्या वेळचं लिखाण, वर तीस वर्षांचा चुना.

आम्ही भिंत आधी जमिनीवर झोपवली. बाजूच्या बोळात दगड तोंड वर करून मांडले. दगडाची वरची बाजू कुठली ते शोधायला अडचण आली नाही. चुन्याचे ओघळ खाली येतात. सर्वांत तळाच्या दगडांवर रस्त्याचा चिखल उडालेला असतो, माळवदाखालचे कोरडे असतात, मधल्यांना माणसांच्या पाठी घासून घासून तेलकटपणा येतो. एवढ्यावर थर लागले. राहिले काळ्या रेघांचे एकतीस दगड. त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवला की चुना पातळ व्हायचा आणि रेघ जरा स्पष्ट दिसायची. वाळला की पुन्हा नाहीशी.

दुसऱ्या दिवशी हिरेमठ मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, गावात त्यांना मान. त्यांनी चष्मा पुसून एका दगडावर बोट ठेवलं. “हा ग. अगदी स्वच्छ ग आहे. ग म्हणजे गणेश. घराच्या पुढच्या भिंतीवर दुसरं काय असणार? श्री गणेशाय नमः. लाव असे.”

ते उभे राहून सांगत गेले आणि मी लावत गेलो. देवाचं नाव म्हटल्यावर मी पायातल्या चपलासुद्धा काढून ठेवल्या. संध्याकाळी मास्तर खूश होऊन घरी गेले. गवरा मात्र दगडांपाशी बसूनच होती.

“मास्तरांचं अक्षर बराबर असंल,” ती म्हणाली, “पण रेघ तुटतीया.”

तिचं खरं होतं. एका दगडावरची रेघ बोटभर जाड, शेजारच्या दगडावर ती करंगळीएवढी. मी मास्तरांचा मान बाजूला ठेवला आणि सगळे दगड पुन्हा मोकळे केले. त्यात दोन दिवस गेले होते.

मग मी अक्षर बघायचं सोडून दिलं. नुसती रेघ बघायला लागलो. आणि एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक दगडांवर एक आडवी रेघ होती, सरळ, आणि बाकी सगळं त्या रेघेच्या खाली लोंबत होतं. आम्ही भिंतीला दोरी बांधतो तशी. ज्यानं कुणी हे लिहिलं होतं त्यानं आधी दोरीच धरली होती की काय! मी बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि प्रत्येक दगडाची आडवी रेघ दोरीखाली आणली. रेघेची जाडी जुळवली. डांबराचा ओघळ एका दगडावरून खालच्यावर उतरला असेल तर तो जुळवला. एकेक दगड दहादहा वेळा फिरवला. एकदा जुळला की असा गप्प बसायचा की मला हात लावावासा वाटायचा नाही.

शुक्रवारी आक्का आली. हातात पिशवी, बाळंतिणीचं जागरण डोळ्यांत. दारात आली आणि थांबली. दार होतं, चौकट होती, आणि दाराच्या डाव्या अंगाला भिंतीच्या जागी रस्त्यावरून थेट आतली गिरणी दिसत होती.

गवरानं सगळं सांगितलं, हळदीपासून सहा फुटांपर्यंत.

आक्कानं पिशवी खाली ठेवली. ज्या जागी भिंत होती तिथं पाय ठेवला आणि पावलापुढं पाऊल लावत आत निघाली. एक, दोन, तीन. सहा पावलं झाली तेव्हा ती गिरणीच्या यंत्राच्या पार पलीकडं उभी होती.

“हितं भिंत आली तर गिरणी कुठं ठिवू रे, डोक्यावर?”

“आक्का, पहार माझ्या हातात व्हती,” मी म्हणालो.

“आन् हळद माझ्या.” ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “काळं राहू दे आन् पिवळं पाड, एवढंच येत हुतं व्हय तुला? आन् समदं गाव म्हणायचं, नकाशेवाला मिस्त्री!”

तिनं पदर खोचला आणि बोळात येऊन दगड बघितले.

“काय लिवलंया ते तुला तरी ठावं असंल,” गवरा म्हणाली.

“मला गं कुठनं? मी नांदायला आले तवापासनं दर दिवाळीला चुना मीच मारतीया. खाली काय हाय ते कवा बघितलं?” तिनं वाकून एका दगडावर पाणी शिंपडलं. “ह्यो हितला न्हाई. ह्येच्यावर खिळ्याचा खड्डा हाय, मी हितं कंदील टांगत हुते. ह्यो दाराजवळचा.”

तिला अक्षर नव्हतं, पण दगड पाठ होते. कुठला उन्हात तापतो, कुठल्याला चुना धरत नाही, कुठल्यापाशी दळणाच्या बायका टेकायच्या. दुपारी दळणाच्या बायकांनाही बातमी लागली आणि त्याही आल्या. “ह्यो माझ्या डोक्याशी यायचा.” “अगं तुझ्या न्हवं, माझ्या. तू बुटकी.” त्या भांडत गेल्या आणि अडलेले पाच दगड त्यांच्या भांडणात सुटले.

शनिवारी आणि रविवारी भिंत चढवली. आक्का माती तुडवत होती, गवरा दगड देत होती, मी लावत होतो. शेवटचा थर सोमवारी सकाळी बसला, आणि साहेब आले तेव्हा माझे हात ओलेच होते.

त्यांनी आधी टेप काढला. रस्त्याच्या मध्यापासून अंतर घेतलं. जाडी घेतली. उंची घेतली. नकाशातल्या आकड्यांशी ताडून बघितली. एकदाही मान हलवली नाही. मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

“मला काही दिसत नाही,” ते म्हणाले.

भिंत कोरडी होती. चुन्याखाली सगळं पांढरं. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी बादली उचलली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी फेकलं.

पाणी खाली उतरलं तसा चुना पातळ झाला आणि भिंतीवर अक्षरं वर आली. आधी ती आडवी रेघ, मग तिच्याखालचं एकेक. मी कधी एवढं काळं आणि एवढं मोठं बघितलं नव्हतं. आतापर्यंत मी ते तुकड्यांनी बघितलं होतं.

साहेबांचे ओठ हलले. ते दोन पावलं पुढं आले, पुन्हा ओठ हलले. गल्लीतले लोक गोळा झाले होते. मास्तरही होते, त्यांचं तोंड एकाएकी उतरलं.

“मोठ्यानं वाचा की, साहेब,” आक्का म्हणाली. “चांगलं का वाईट, काय ते कळू द्या.”

टोणपेसाहेबांनी घसा साफ केला आणि वाचलं, “येथे गाढवे बांधू नयेत.”

माती आणायची म्हणून गवरानं भावाची दोन गाढवं आणली होती, ती नेमकी भिंतीच्या कडेला माना खाली घालून उभी होती. दळणाच्या बायकांतली एक हसली आणि मग सबंध गल्ली हसायला लागली. मी चपला काढून ज्याला हात लावला होता ते हे होतं! गवरा पोट धरून खाली बसली. आक्का हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

हसले नाहीत ते एकटे साहेब. त्यांनी ओट्यावर फाईल ठेवली आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते आक्काला वाचून दाखवलं, “दर्शनी भिंत जुन्याच दगडांत, जुन्याच जागी. दुरुस्ती समजावी.”

“म्हंजे गिरणी हितंच?”

“इथंच.”

आक्का आत गेली. पट्टा चढवल्याचा आवाज आला, मोटारीची घरघर सुरू झाली आणि बायका डबे आणायला आपापल्या घरी पळाल्या.

रस्ता मोकळा झाला. ऊन वर आलं होतं, चुना वाळायला लागला होता आणि अक्षरं कडेकडेनं बुजायला लागली होती. मला घाई झाली.

“साहेब,” मी म्हणालो, “ह्यात गाढव कुठलं?”

टोणपेसाहेबांनी फाईल मिटली. माझं मनगट धरलं, माझं बोट दगडावर टेकवलं आणि त्या काळ्या रेघेवरून सावकाश फिरवायला लागले. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाताना मध्ये सांधा लागला. बोटाला तो कळला. रेघ मात्र कुठं थांबली नाही.